गळ, दोर आणि आमिष

ज्या घरांत मासा कधी शिजत नाही, त्या घरांच्या बोलण्यातही गळ ही लहानशी वस्तू किती सहजपणे येऊन बसली आहे, हे पाहिले म्हणजे मौज वाटते. पाहुण्यास आणखी दोन दिवस राहण्याची आपण गळ घालतो. भोळा मनुष्य लबाडाच्या गळाला लागतो. आणि आमिष दाखविणे हा तर सार्वजनिक व्यवहारातील नित्याचाच शब्द होऊन बसला आहे. परंतु गळ आणि आमिष यांस माणसाच्या हाताशी जोडणारा जो दोर, त्याची आठवण या वाक्प्रचारांत कोणासही झालेली दिसत नाही. वस्तुतः मासे धरण्याच्या छंदातील निम्मी विद्या त्या दोरातच साठविलेली आहे. आमिष कोणते, हे पाहून दोर कोणता, हे ज्याने ठरविले, तोच या छंदात जाणता म्हणावयाचा.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस हा विषय घरगुती मासिकास कितपत शोभतो, अशी शंका येईल. तिचे कारण उघड आहे. परंतु तिचे उत्तरही घरातच आहे. नशिराबादच्या पूर्वेस साकेगावाजवळ महामार्ग ज्या वाघूर नदीस ओलांडतो, ती अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून, तेथील लेण्यांच्या पायथ्याशी नालाकृती वळण घेऊन खानदेशात उतरते आणि पुढे तापीस मिळते. वरच्या अंगास तिच्यावर धरण झाल्यापासून जळगाव शहराची तहान भागू लागली, आणि त्याबरोबरच विस्तीर्ण जलाशयाचा काठ तरुणांस उपलब्ध झाला. आज सुशिक्षित घरांतील मुलगाही परदेशी चित्रफिती पाहून गळाची काठी, रीळ आणि रंगीबेरंगी कृत्रिम आमिषे मागू लागला आहे. अशा वेळी आईबापांपुढे दोन प्रश्न उभे राहतात : हा छंद आपल्या घरास योग्य आहे काय, आणि असल्यास तो नीट कसा करावा? आम्ही दुसरा प्रश्न अगोदर घेतो; कारण पहिल्याचे बरेचसे उत्तर त्याच्या पोटात आहे.

प्रथम एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. हा छंद साहेबांनी आपल्याकडे आणिला, ही समजूत खरी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात, सुमारे ११२९ ते ११३१ या काळात, ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचिला. त्याच्या विनोदविंशतीत राजाने करावयाच्या करमणुकींत ‘मत्स्यविनोद’ म्हणून एक स्वतंत्र प्रकरण असून, त्यात माशांचे प्रकार, त्यांस रुचणारी आमिषे आणि गळाने मासा धरण्याची रीत यांचे विवेचन केलेले आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकर यांनी या ग्रंथाचे संपादन केले. त्याचा पहिला खंड १९२५ साली निघाला. प्रसिद्ध मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या मत्स्यविनोदाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. इंग्लंडात आयझाक वॉल्टन याचे गळावरील विख्यात पुस्तक १६५३ साली प्रसिद्ध झाले; म्हणजे आमचा राजा त्याच्यापूर्वी पाच शतके या विषयावर लिहून गेला होता.

आता माशांकडे वळू. कृत्रिम आमिषांचे जे असंख्य प्रकार आज बाजारात मिळतात, ते बहुतांशी अमेरिकेतील ‘बास’ नावाच्या गोड्या पाण्यातील माशासाठी घडविले गेले. या माशाचे वेड तिकडे केवढे आहे, हे एकाच उदाहरणावरून कळेल. जॉर्ज पेरी नामक गृहस्थाने जॉर्जिया प्रांतात २ जून १९३२ रोजी धरलेला सुमारे १०.०९ किलो वजनाचा बास सत्त्याहत्तर वर्षे अजिंक्य राहिला. पुढे २ जुलै २००९ रोजी जपानातील बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांस १०.१२ किलोचा बास मिळाला. परंतु नियमाप्रमाणे जितका फरक हवा तितका नसल्यामुळे दोघांचा मान बरोबरीचा ठरला.

खानदेशात बास नाही. परंतु त्याच्या स्वभावाशी जुळणारी मरळ आहे. पाणवनस्पतींच्या आडोशास दबा धरून बसणे, आणि बेडूक किंवा लहान मासा आटोक्यात येताच झडप घालणे, हा दोघांचाही बाणा. मरळ हवेतील प्राणवायू घेण्यासाठी वारंवार पृष्ठभागावर येते, त्यामुळे तिचा ठाव डोळस मनुष्यास काठावरूनच लागतो. कोकणात खाडीच्या तोंडाशी सापडणारा जिताडा हाही बाससारखाच झडप घालणारा मासा होय. दख्खनच्या नद्यांतील महसीराची गोष्ट निराळी. तो वाहत्या पाण्याचा आणि खडकांचा मल्ल. कर्नल साइक्स याने १८३९ साली पुण्याजवळच्या नदीतील महसीराचे शास्त्रीय वर्णन करताना त्यास ‘खुद्री’ हे इकडचेच नाव दिले, आणि तेच आजतागायत शास्त्रात रूढ आहे. वाघुरीकाठी अमेरिकन आमिष बांधणाऱ्याने हा स्वभावभेद आधी ध्यानात घ्यावा.

पूर्वीचे दोर साधे असत. आपल्याकडे सुताचा अगर रेशमाचा पिळलेला दोर वापरीत. विलायती शौकीन दोराच्या टोकास रेशमाच्या किड्याच्या ग्रंथीपासून ओढून काढलेला, जवळजवळ पारदर्शक असा तंतू जोडीत. तो बहुधा स्पेनातून येई, आणि बांधण्यापूर्वी पाण्यात भिजवून मऊ करावा लागे. कोरडा बांधल्यास मोडत असे. दिवस मावळताच रेशमी दोर रिळावरून उलगडून वाळवावा लागे, नाही तर तो कुजे. या कुजण्याचा त्या काळी सर्वांस त्रास वाटे; त्यातच एक मोठे पुण्य दडलेले होते, हे पुढे दिसेल.

१९३५ साली अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स या रसायनज्ञाच्या प्रयोगशाळेत नायलॉन जन्मास आले, आणि १९३८ साली ते जगापुढे ठेवण्यात आले. त्याचाच एकेरी, काचेसारखा तंतू म्हणजे आपल्याकडील तंगूस. फुले ओवणाऱ्यापासून कोळ्यापर्यंत सर्वांस तो ठाऊक आहे. त्यानंतर १९७१ साली जपानात फ्लुओरोकार्बनचा तंतू गळासाठी निघाला. तिसरा प्रकार विणलेल्या दोराचा. अतिशय लांब रेणूंच्या पॉलिथिलीनचे बारीक धागे वेणीसारखे गुंफून केलेला. हा १९९० नंतर सर्वत्र पसरला. दुकानदार तिघांसही एकाच मापाने, म्हणजे किती किलोस तुटतो या मापाने विकतो. परंतु त्यांचे गुण इतके भिन्न आहेत की, त्यांस एकाच नावाने हाक मारणे हाच गोंधळ आहे.

हे गुण चार आहेत : तरणे, ताणणे, दिसणे आणि झिजणे. पाण्याची घनता एक धरिली तर नायलॉनची सुमारे १.१४, फ्लुओरोकार्बनची १.७८, आणि विणलेल्या दोराची ०.९७ भरते. म्हणून पहिला हळूहळू बुडतो, दुसरा झटकन तळ गाठतो, आणि तिसरा तरंगतो. ताणाच्या बाबतीत नायलॉन तुटण्यापूर्वी आपल्या लांबीच्या पंचमांशाहून अधिक वाढते. विणलेला दोर जवळजवळ वाढतच नाही. फ्लुओरोकार्बन नायलॉनहून कमी सैल वाटते. दिसण्याचे गणित प्रकाशाच्या वक्रीभवनावर अवलंबून असते. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३, फ्लुओरोकार्बनचा १.४२, आणि नायलॉनचा सुमारे १.५३. पदार्थाचा अंक पाण्याच्या जितका जवळ, तितका तो पाण्यात कमी दिसतो. विणलेला दोर अपारदर्शक असल्यामुळे स्वच्छ दिसतो. झिजण्यात फ्लुओरोकार्बन सर्वांत चिवट. विणलेला दोर सरळ ओढीस विलक्षण बळकट असला तरी खडकाच्या धारेवर घासला की, त्याचे धागे एकामागून एक सुटतात.

हे चार गुण ध्यानात धरिले की, आमिषास दोर जुळविणे हे पाठांतराचे काम राहत नाही. ते तर्काचे काम होते.

मरळीसाठी वापरावयाचा रबरी पोकळ बेडूक घ्या. तो पाणवनस्पतींच्या जाळीवरून सरपटत न्यावयाचा असतो, आणि मासा लागला तर त्या जाळीतूनच त्यास ओढून काढावयाचे असते. येथे ताणणारा दोर घेतला तर वीस हात अंतरावर दिलेला झटका दोराच्या लवचिकपणातच जिरून जातो, आणि गळ मरळीच्या कठीण जबड्यात रुतत नाही. बुडणारा दोर घेतला तर तो वनस्पतींत गुरफटतो. म्हणून येथे वेणीचा दोरच हवा, आणि तोही जाड. १८ ते २३ किलोचा अतिशयोक्त नव्हे. तो दिसतो खरा, परंतु पानांच्या दाटीत मरळीचे लक्ष दोराकडे नसून बेडकाकडे असते. मात्र पाणी उसळताच झटका देऊ नये. आमिष तोंडात नीट गेल्याचा भार हातास लागेपर्यंत एक श्वासभर थांबावे.

उघड्या पाण्यावर बुडबुड आवाज करीत चालणाऱ्या तरंगत्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या माशासाठी नायलॉन उत्तम. अशा आमिषांस पोटाशी तीनतोंडी गळ असतात. ते बारीक असल्यामुळे माशाच्या ओठात थोडेसेच अडकतात. मासा उसळी घेतो तेव्हा तंगूस ताणून तो धक्का पोटात घेते, आणि गळ ओठ फाडून निसटत नाही. याच आमिषास फ्लुओरोकार्बन बांधले तर ते आपल्या वजनाने आमिषाचे तोंड खाली ओढते, आणि नाचणारा मासा मानेस दगड बांधल्यासारखा अडखळतो.

परंतु जे आमिष पुढच्या ओठासारख्या पट्टीच्या योगाने ओढताच खोल जाते, त्याचा न्याय उलटा. तेथे दोर बारीक असावा. कारण जाड दोरास पाण्याचा विरोध अधिक होतो, आणि आमिष अपेक्षित खोली गाठीत नाही. बारीक फ्लुओरोकार्बन स्वतः बुडणारे असल्यामुळे आमिषास साह्यच करते.

तळाशी हळूहळू टप्पे घेत न्यावयाचा मऊ रबरी किडा हा सर्वांत सूक्ष्म कामाचा. मासा त्यास ओढीत नाही. नुसता चोखून पाहतो. ही बारीक टिचकी बोटास कळली पाहिजे. नायलॉनच्या सैलपणात ती हरवते. येथे बारीक वेणीचा दोर रिळावर घेऊन, त्याच्या टोकास हात-दोन हात फ्लुओरोकार्बनचा तुकडा जोडावा. म्हणजे पहिल्याने संवेदना मिळते, आणि दुसऱ्याने दिसणे व घासणे यांची चिंता मिटते.

महसीर ज्या फिरत्या चमच्यावर किंवा गरगर फिरणाऱ्या पात्यावर येतो, त्याची अडचण निराळी. आमिष फिरू लागले की दोरासही पीळ बसतो, आणि संध्याकाळपर्यंत रिळावर गुंतावळ होते. म्हणून मध्ये फिरती कडी घालावी. खडकाळ डोहात टोकाचा तुकडा जाड फ्लुओरोकार्बनचा ठेवावा. हेन्री सलिव्हन थॉमस या मुलकी अधिकाऱ्याने भारतातील गळावर १८७३ साली मंगळुरास पुस्तक छापिले, तेव्हापासून महसीराचा जोर ख्यात आहे. त्याच्या जबड्याने गळ वाकविल्याच्या हकीकती त्या काळच्या शौकिनांनी नमूद करून ठेविल्या आहेत. आणि ज्यास केवळ कणकेची गोळी लावून रोहू-कटल्याची वाट पाहावयाची आहे, त्याने फार विचार न करता साधे तंगूस घ्यावे. स्वस्त, मऊ आणि गाठीस सोपे.

पाण्याचा रंगही पाहावा. श्रावणात वाघुरीस गढूळ पाणी आले असता न दिसणाऱ्या दोरासाठी अधिक पैसे मोजणे व्यर्थ आहे. मार्गशीर्षात जलाशय निवळला म्हणजे तेच पैसे सार्थकी लागतात.

दोर कितीही चांगला असला तरी तो गाठीत तुटतो. नायलॉन पाणी शोषून घेते व ओले झाल्यावर काहीसे दुबळे होते. वेणीचा दोर इतका गुळगुळीत असतो की, नेहमीची गाठ त्यावरून घसरून सुटते. त्यासाठी दोर दुपदरी करून कडीतून काढावा, त्या दुपदराची एक साधी गाठ सैल मारावी, उरलेल्या फाशातून आमिष आरपार काढून घ्यावे आणि मग आवळावे. आवळण्यापूर्वी गाठ ओली करणे अवश्य आहे. कारण कोरड्या घर्षणाने उष्णता निर्माण होऊन तंतू आतल्या आत दुखावतो. शौकीन लोक यासाठी गाठ तोंडात धरतात. ज्यांस ते रुचत नसेल त्यांनी ओंजळीतले पाणी लावावे; गाठ त्यामुळे कमी बळकट होत नाही.

रिळाचा ताण दोराच्या बळाच्या चतुर्थांश ते तृतीयांश एवढाच ठेवावा. सहा किलोच्या दोरास दीड ते दोन किलोवर रीळ सुटू लागले पाहिजे. हे हातातील तोलकाट्यावर पाहता येते. खानदेशचा वैशाख कोणास सांगावयास नको. पारा पंचेचाळिसाकडे जातो. अशा उन्हात नायलॉन पत्र्याखाली अगर मोटारीत ठेविले की, बाहेरून जसेच्या तसे दिसूनही आतून ठिसूळ होते. म्हणून ते दर हंगामास बदलावे. वेणीचा दोर खडकात अडकल्यास हातास गुंडाळून कधीही ओढू नये. तो सुरीसारखा कापतो. आणि आजची गळाची काठी बहुधा कार्बनची असते. कार्बन विजेचे वाहक आहे. मृगाच्या गडगडाटात किंवा विजेच्या तारांखाली ती उभी धरणे म्हणजे साक्षात् मृत्यूस गळ घालणे होय.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही एवढे विवेचन केले, ती सांगतो. चुकीचा दोर निवडल्याने केवळ मासा जातो असे नाही. दोर तुटतो तेव्हा मासा तोंडात तीन गळ घेऊन आणि मागे दहा हात तंगूस ओढीत जातो. ते कोठे तरी झुडुपात गुंतते, आणि तो मुका प्राणी तेथेच अडकून पडतो. जो दोर काठावर राहतो तो पक्ष्यांच्या पायांस आणि गुरांच्या खुरांस गुंडाळला जातो. रेशीम कुजत असे, म्हणून त्या काळचा निष्काळजीपणा एकदोन पावसाळ्यांत धुऊन जाई. नायलॉन कुजत नाही. आज टाकलेला तुकडा आपल्या नातवंडांच्या पायास लागेल. पतंगाच्या नायलॉन मांजाने पक्ष्यांचे पंख आणि माणसांचे गळे कापले जातात, म्हणून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली. त्याच जातीचा तंतू आपण नदीकाठी टाकतो, तेव्हा मात्र त्याची दाद घेणारा कोणी नसतो. तापीवरील हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी हजारो कोसांवरून उतरतात. त्यांच्यासाठी आपण काठावर काय पसरून ठेवितो, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आता पहिला प्रश्न. ज्या घरात मासा खाल्ला जात नाही, तेथे केवळ गमतीसाठी जिवास दुखवावे काय? आमचे स्पष्ट मत असे की, ज्यास हे मुळीच पटत नाही त्याने ते करू नये. आणि त्याबद्दल त्यास कोणी जुनाट म्हणू नये. हे मत दुबळेपणाचे नसून विवेकाचे आहे. परंतु घरातील मुलगा हा छंद करणारच असेल, तर नुसत्या निषेधाने तो चोरून करील, आणि अज्ञानाने करील. त्यापेक्षा त्यास नियम घालून द्यावेत. गळाचा उलटा काटा पक्कडीने चेपून टाकावा, म्हणजे मासा सहज सुटतो. मासा धरताना हात ओले असावेत, आणि तो लगेच पाण्यात सोडावा. पावसाळ्यात मरळ आपल्या इवल्याशा पिलांच्या थव्याभोवती पहारा देत असते. त्या वेळी ती भुकेने नव्हे, तर ममतेने आमिषावर धावते. अशा आईबापांवर गळ टाकणे कोणत्याही विनोदविंशतीत बसणार नाही. लोणावळ्यास टाटांच्या विजेच्या कंपनीने १९७०च्या सुमारास महसीराची पैदास सुरू केली, ती नद्यांतील महसीर कमी झाले म्हणूनच. हेही मुलास सांगावे.

आणखी एक कर्तव्य आहे. धरणांतील मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतो. ज्या भोई कुटुंबांची चूल त्या पाण्यावर पेटते, त्यांच्या हद्दीत आपण छंदासाठी जातो. त्यांची परवानगी घेणे हा कायदा तर आहेच. परंतु तो त्याहून अधिक सभ्यतेचा भाग आहे. दोराविषयी त्यांस जे ठाऊक असते, ते कोणत्याही दुकानदारास ठाऊक नसते. एखाद्या वृद्ध भोईबाबांजवळ दोन घटका नम्रपणे बसलेला मुलगा पुष्कळ शिकून येईल.

तेव्हा मुलास काठी द्यावयाचीच असेल, तर तिच्याबरोबर आणखी दोन वस्तू द्याव्यात : एक लहानशी कात्री आणि झाकणाची एक डबी. आपला तुटलेला दोर, आणि काठावर दिसेल तो दुसऱ्याचाही, त्याने कापून त्या डबीत घालावा. रात्री घरी आल्यावर आईने मासा किती मोठा होता हे विचारण्यापूर्वी ती डबी उघडून पाहावी.